मग सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?

अकरावीला आर्ट्स घेतलं हीच आमच्या घराण्यात मोठी बातमी होती. त्यात मानसशास्त्र घेतलंय म्हटल्यावर एकेक काका चहाची बशी खाली ठेवून विचारायचे, "मग सांग बघू, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" याला पुस्तक उघडायची गरजच नव्हती. हिला पुढे नोकरी कोण देणार, हेच चाललेलं असायचं.

वुंट, लायप्झिग, १८७९, पहिली प्रयोगशाळा हे सगळं परीक्षेपुरतं पाठ केलं. खरी मजा मनाच्या संरक्षण यंत्रणांच्या धड्यापासून. एकावरचा राग दुसऱ्यावर काढणं म्हणजे विस्थापन, हे दुपारी शिकले आणि संध्याकाळी आई सिंकमध्ये कढई आपटताना सापडली. ओट्याला टेकून मी म्हटलं, "आई, तुझा राग बाबांवर आहे, कढईवर नाही. याला विस्थापन म्हणतात." आईने घासणी माझ्या हातात दिली. "तुझा नाहीये ना कुणावर राग? मग घास तू." नवी सायकल मिळालेल्या पोराला कोपऱ्यावरून मीठ आणायलाही सायकलच लागते, माझं तेव्हा तसंच झालं होतं.

पण काही धडे जन्माचे चिकटले. सॉलोमन ॲश यांनी १९५१च्या सुमारास कॉलेजच्या मुलांना रेघा दाखवून, कुठली रेघ नमुन्याच्या रेघेएवढी ते विचारलं. उत्तर शेंबड्या पोरालाही यावं असं. मात्र खोलीतला एक सोडून बाकी सगळे ॲशचे शिकवलेले, मुद्दाम चुकीचं सांगणारे. जवळजवळ तीन चतुर्थांश मुलं एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून त्यांच्या सुरात सूर मिसळून मोकळी झाली. कुणी एकानेही बरोबर उत्तर दिलं, की हे प्रमाण धाडकन खाली यायचं.

हे वाचलं आणि सोसायटीची वार्षिक सभा मला नव्याने दिसली. "हिशेब मंजूर?" म्हटलं की अहवालाचं पान न उलटता हात वर. आणि दरवर्षी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा चष्मा पुसत उठणार, "गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं बिल दोनदा लागलंय का?" 'झालं यांचं सुरू' म्हणून खुर्च्या करकरतात, मागच्या रांगेत बटाटेवड्यांची चौकशी होते. पण आजोबांनी तोंड उघडलं, की आणखी दोघांना आठवतं, अरे, हे आपल्यालाही खटकलं होतं. खुसपट काढणाऱ्या माणसाकडे मी त्यानंतर आदराने बघू लागले. घरात मात्र असा माणूस नको, एवढं म्हणते.

बर्ट्रम फोरर यांची गंमत तर आमच्या मॅडमनी वर्गातच केली. फोरर यांनी १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुझं' म्हणून स्वभाववर्णन दिलं. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन मुलं म्हणाली, अगदी आम्हीच! सगळ्यांना मजकूर एकच होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातली. आमच्याही हातात घडी घातलेले कागद आले. माझ्यात लिहिलं होतं, मी वरून बोलकी पण आतून एकटी. गहिवरून आलं. मग मॅडम म्हणाल्या, "शेजारणीचा वाचा."

हा सूड कुणावर तरी उगवणं भागच होतं. रविवारी आजीला पुरवणीतलं साप्ताहिक भविष्य वाचून दाखवायचं काम माझं. आजीची रास वृश्चिक. मी कन्या वाचली. जवळच्या व्यक्तीकडून अपेक्षाभंग, गुडघेदुखी, आप्तेष्टांच्या भेटी. प्रत्येक वाक्याला आजीची मान डोलत होती. "तंतोतंत गं! कसं कळतं यांना?" तेव्हा मी फोरर यांच्यासकट सगळं फोडलं आणि विजयी मुद्रेने बसले.

आजीने सुपारी कातरत थोडा विचार केला. "म्हणजे कन्यावाल्यांचंही माझ्यासारखंच चाललंय म्हणायचं. बिचारे."

पुढच्या रविवारी स्वतःची रास ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आता कन्यावाल्यांचं वाच. गुडघा काय म्हणतोय त्यांचा?"