ताम्हिणीतल्या आमच्या सारथ्यास

रा. रा. ड्रायव्हरसाहेब यांस,


जिंतूर ते हरिहरेश्वर आणि परत, तुम्ही आम्हाला सुखरूप आणलंत. सुखरूप म्हणजे माणसं मोजून भरली, एवढंच. सासूबाई अजून मऊ भातावर आहेत आणि कोकणाचं नाव काढलं की आमची पोरगी तोंडावर हात ठेवते.

तुमचं कसब मंठ्याच्या अलीकडेच दिसलं होतं. पुढे एक ट्रक. त्याच्या बुडाला नाक लागेपर्यंत पळवायची, मग कच्चकन ब्रेक, मग पुन्हा पाय दाबायचा. पाचेक सेकंदांना एक असा संथ हेलकावा पोटाला सगळ्यात वाईट म्हणतात. तो ठेका तुम्ही जालन्यापर्यंत इमानदारीने धरलात. जोडीला बंद काचा, एसी आणि आरशाला टांगलेली मोगऱ्याची कुपी. त्या वासापेक्षा देशी दारूचं दुकान परवडलं, असं सासूबाई म्हणाल्या. त्या माळकरी आहेत.

सकाळी मुळशीच्या पुढे नाश्ता. हॉटेल तुम्ही ठरवलेलं. तिथे तुमची प्लेट फुकट असते, हे नंतर कळलं. तेलात निथळणारे वडे पोटात घेऊन आम्ही ताम्हिणीत शिरलो. पावसाळ्यात लोक लांबून तिथले धबधबे बघायला येतात. आमच्या घरच्यांनी तो घाट कॅरीबॅगमध्ये तोंड घालून पार केला.

तुम्ही मात्र एका हाताने स्टिअरिंग फिरवत म्हणालात, ‘आपल्याला नाय बुवा कधी गाडी लागली. मनावर असतं सगळं.’

मनावर नाही साहेब, कानावर असतं. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. गाडी वळली की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला वर्दी जाते. डोळे मात्र पुढच्या सीटच्या पाठीवर नाहीतर मोबाइलवर. ते सांगतात, आपण जागेवर बसलोय. दोन साक्षीदार दोन तोंडांनी बोलतात आणि शिक्षा पोटाला. तुम्हाला गाडी लागत नाही, कारण वळण तुम्हीच घेता. ते येतंय हे तुमच्या शरीराला आधीच ठाऊक असतं. छातीचा इथे संबंध नाही.

1999 साली टर्नर आणि ग्रिफिन या संशोधकांनी ब्रिटनमधल्या बसच्या तीन हजारांवर प्रवाशांची पाहणी छापली. शंभरातल्या 28 जणांना बरं वाटत नव्हतं. आडवे हिसके जास्त तिथे त्रास जास्त, आणि हिसके चालवणाऱ्याच्या हातावरही ठरत होते. समोरचा रस्ता ज्यांना नीट दिसत नव्हता, त्यांचे हाल अधिक. तेव्हा नऊ वर्षांच्या पोरीला नि सासूबाईंना डिकीतल्या सीटवर कोंबून पुढची जागा तुम्ही तुमच्या मेव्हण्यांना दिलीत, ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. दोन ते बारा वयाची पोरं तशीही या त्रासाला पहिली बळी पडतात.

घाट अर्धा उतरल्यावर तुम्ही खिशातून गोळी काढलीत. वरातीमागून घोडं! ती निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते; उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकते कुठे? शिवाय झोप आणते, आणि लेकरांना डॉक्टरला विचारूनच द्यायची. मग तुम्ही सीटवर पेपर अंथरून बसायला सांगितलंत. पेपरने सीट वाचली.

राहता राहिलं बिल. ‘गाडी धुणे, 500 रुपये’ ही ओळ तुम्ही पेनाने वाढवलीत. दिवाळीत आंबोलीला जायचं आहे, आणि सणात जिंतुरात दुसरी सात सीटर मिळणं कठीण, म्हणून गाडी तुमचीच, पण अटी आमच्या. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. कुपी घरी ठेवायची. दीड-दोन तासांनी थांबायचं, काचा उघडायच्या. नाश्त्याला इडली. सासूबाई पुढे बसतील, पोरगी मधल्या रांगेत मधोमध, समोरची काच दिसेल अशी; मोबाइल माझ्या खिशात.

आणि धुलाईचे 500 रुपये मी तुमच्या मेव्हण्यांच्या जिंतूर-माणगाव भाड्यात वळते करून घेतले आहेत. वरचे त्यांच्याकडून येणे आहेत.

कळावे,
आपला,
मधल्या सीटवरचा जावई