काचेच्या शेगडीचे रखवालदार

एडिसन असो की डॅलस, मुलाकडे सहा महिन्यांसाठी राहायला आलेल्या अण्णांना दुसऱ्याच आठवड्यात एक खातं मिळतं. बागेचं मिळत नाही, कारण गवत कापायला माणूस येतो. टीव्हीचं मिळत नाही, कारण त्याला तीन रिमोट लागतात. उरते स्वयंपाकघरातली विजेवरची काचेची शेगडी. उभ्या संसारात ज्यांनी स्वतःचा चहा कधी गाळून घेतला नाही, ते या शेगडीचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढतात. स्पॅनिश आणि फ्रेंच पानं तेवढी नाइलाजाने सोडतात.

अण्णा बहुधा वीज मंडळातून, नाहीतर एखाद्या कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले. त्यामुळे पहिला प्रश्न, "व्होल्टेज किती?" २४० हे उत्तर ऐकून चेहरा उजळतो. अख्खं घर १२० वर चालवणाऱ्या अमेरिकेला शेगडीपुरती का होईना आपल्या बरोबरीची वीज लागते, याचं त्यांना केवढं समाधान! मग ते ब्रेकर शोधायला गराजमध्ये जातात आणि सापडला की त्यावर 'शेगडी' अशी मराठीत चिठ्ठी डकवून येतात. घरात मराठी वाचता न येणारा एकटा नातू. पण तसं बघितलं तर त्याला अजून काहीच वाचता येत नाही.

काचेखालची तार तापून लालभडक होते, मध्येच काळी पडते, पुन्हा लाल होते. "बंद पडली वाटतं," काकू म्हणतात. "बंद नाही, काच फार तापू नये म्हणून दम खातेय!" अण्णा बाहेरून ओरडतात. आणि इथे, हसण्यापूर्वी कबूल करायला हवं, अण्णांचं शंभर टक्के बरोबर असतं. गॅस बंद केला की निदान ज्योत गेलेली दिसते. इथे बटण बंद, लाली गायब, काच पुन्हा काळीकुळकुळीत, आणि हात टेकला की टरारून फोड. कोपऱ्यातला बारका दिवा विझेपर्यंत ती जागा ओटा नव्हेच. पण सपाट जागा दिसली की तिथे काहीतरी ठेवायचं, हा मनुष्यस्वभाव. पोळ्यांचा डबा, हात पुसायचा टॉवेल, पोराचा प्लास्टिकचा डायनोसॉर, सगळ्यांना टेकायला तीच जागा सापडते.

नातवासाठी शेगडीभोवती तीन फुटांची हद्द आखलेली असते. अमेरिकेतले अग्निसुरक्षावालेही तेवढंच अंतर सांगतात, म्हणून अण्णांनी जमिनीवर चिकटपट्टी लावलीय. नातू ती दिवसभर ओलांडतो. रेषा न चुकता पाळणारे एकटे अण्णाच. "अहो, जरा कुकर उतरवता का?" म्हटलं की ते पट्टीकडे बोट दाखवतात.

काकूंनी पुण्याहून बॅगेत साड्यांच्या घडीत घालून आणलेल्या लोखंडी तव्यावर वेगळं कलम आहे: उचलायचा, सरकवायचा नाही, चरे पडतात. गोल बुडाच्या कढईला बंदी, कारण ती टेकते टिकलीएवढी. फुलक्याची जाळी हद्दपार. भरताचं वांगं ओव्हनमध्ये जातं आणि जीव नसल्यासारखं बाहेर येतं, याला मात्र पुस्तकात उत्तर नाही.

पाहुणे आले की पोह्यांच्या आधी इतिहास येतो. १९५३ साली कॉर्निंग कंपनीतल्या स्टुकी नावाच्या शास्त्रज्ञाची भट्टी ६०० अंशांऐवजी ९०० वर गेली, काचेचा तुकडा बाहेर काढताना हातून निसटला, आणि फुटलाच नाही! अशा काचेला उष्णतेचं भय नाही. पण वरच्या कपाटातून बरणी पडली तर तडा जाईल. तडा गेला की त्यावर स्वयंपाक बंद, ब्रेकर खाली, कारण सांडलेलं पाणी थेट विजेपर्यंत पोचतं. म्हणून अण्णांनी लोणच्याच्या बरण्या सुरक्षित जागी हलवल्या आहेत. कुठे, ते त्यांना सध्या आठवत नाही.

खरी परीक्षा दिवाळीत. रवा-लाडवाचा पाक उतू जाऊन काचेवर पसरला. "साखर! गार व्हायच्या आत काढ, नाहीतर काचेचा टवका घेऊन निघेल! थांब, पान सांगतो!" असं म्हणून अण्णा चष्मा शोधायला गेले. तोवर काकूंनी बटण बंद केलं, पातेलं उचलून बाजूला ठेवलं, हातात जाड मोजा चढवला आणि खरवडणीचं पातं तिरपं धरून पाक कडेला ओढला. चरचर आवाज, जळक्या साखरेचा वास, दोन फटकाऱ्यांत काच मोकळी. एकतारी पाक वाया गेला एवढंच त्या पुटपुटल्या.

अण्णा पुस्तक घेऊन आले. "आधी बटण बंद करावे."

"केलं."

"हातमोजा घालावा."

"घातला."

तरीही त्यांनी पान शेवटपर्यंत वाचलं. अर्धवट पान सोडणं त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं.

आता ते पुण्याला परतलेत. रविवारी व्हिडिओ कॉल लागतो. "नातू नंतर दाखव. कॅमेरा जरा ओट्याकडे फिरव. तो दिवा का लागलाय? आणि डबा तिथे कुणी ठेवला?"

मागून काकूंचा आवाज येतो, "अहो, तुमच्या शेजारी दूध उतू चाललंय!"

"थांब गं, आधी अमेरिकेतली बघतो."