जळगाव इक्वल्स जळगाव

लग्नघरात प्रत्येकाला काहीतरी काम मिळतं. मला कुणी देत नाही. माझ्या हातचं वरण पानात कमी, पाहुण्याच्या मांडीवर जास्त पडतं. म्हणून चुलत बहिणीच्या लग्नात पाहुण्यांना मेसेज पाठवायचं काम मीच ओढून घेतलं. बाबा म्हणाले, "मी लावतो ना फोन एकेकाले." मी कीव आल्यासारखा हसलो. पुण्यात सी शार्पवर पोट भरणाऱ्याच्या घरी फोन लावत बसायचं?

याद्या दोन. बाबांच्या वहीत पाहुणा, कार्यक्रम आणि गाव: साखरपुडा शेगावला, लग्न जळगावला. दुसरी माझी: गाव आणि तिथं जायला उतरायचं स्टेशन. दोन्ही जुळवल्या की 'अमुक स्टेशनला उतरा' असा मेसेज आपोआप जाणार. सी शार्पमध्ये २००७ पासून यासाठी लिंक नावाची सोय आहे. फ्रॉम, जॉइन, ऑन, इक्वल्स, झालं काम. तिथं बरोबरीचं चिन्ह चालत नाही, 'इक्वल्स' असंच लिहावं लागतं. त्याच्या डावीकडे पहिली यादी, उजवीकडे दुसरी. वरपक्ष-वधूपक्षाच्या बैठकीइतकं काटेकोर. बाजू चुकली की कम्पायलर रुसतो.

मी गावाच्या नावावर जॉइन लावला.

आमचं गाव जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा. पण गावात 'जामोद' जोडतो कोण? जामोद म्हणजे शेजारचं वेगळं गाव. आम्ही नुसतं जळगाव म्हणतो. खानदेशातलं ते 'ते जळगाव'. बाबांच्या वहीतही अर्थात नुसतं जळगाव. माझ्या यादीत 'जळगाव – जळगाव' ही ओळ आधीच होती. आमच्या गावाला रेल्वे नाही, म्हणून खाली मी मोठ्या हौसेनं 'जळगाव जामोद – नांदुरा' अशी भर घातली होती. जॉइनला जळगावशी जळगाव सापडलं, त्याचं समाधान झालं. नांदुऱ्याची ओळ कशाशीच जुळली नाही. आणि जे जुळत नाही ते इनर जॉइन गुपचूप टाकून देतो. ना एरर, ना साधी कुरकुर.

मुंबईचं वऱ्हाड पहाटे 'त्या' जळगावला उतरलं. नवरदेवाच्या मामांनी फेट्यांची खोकी फलाटावर रचून मला फोन लावला, कारण मेसेजखाली मी ठसठशीत नाव टाकलं होतं. "रिक्षावाला म्हणतो, या नावाचं कार्यालयच इथं नाही!" तिथून भुसावळ, मलकापूर, नांदुरा, आणि मग सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत सडक. इकडे हळद वाळली तरी वऱ्हाड वाटेतच. बाबा सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्या गावात जल्मला त्याचं नाव पुरं लिहता येत नाही, अन् म्हणे इंजिनिअर!"

पाठवणी झाल्यावर दुरुस्तीला बसलो. नावाऐवजी पिन कोड घेतला: आमचा ४४३४०२, त्यांचा ४२५००१. एका यादीत तो आकडा होता, दुसरीत मजकूर. कम्पायलरनं साफ नकार दिला. वऱ्हाड भरकटलं तेव्हा मौन, आणि आता हा बाणेदारपणा! शेवटी दोन्हीकडे मजकूर केला, 'डिफॉल्टइफएम्प्टी' लावून लेफ्ट जॉइन केला. आता न जुळलेला पाहुणा निदान रिकाम्या स्टेशनासह यादीत दिसतो. प्रोग्राम निर्दोष आहे. पुढच्या लग्नाचे फोन बाबा लावणार आहेत.

तुम्ही आमच्याकडे येणार असाल तर तिकीट नांदुऱ्याचं काढा. मेसेज माझ्याकडून आला असेल, तर आधी बाबांना विचारून घ्या.