फियाट घाटात ओव्हरफ्लो कशी करावी

लोणावळ्याला जाऊन संध्याकाळी घरी परतणं कोणालाही जमतं, त्याला नवी गाडी पुरते. तुमच्याकडे मात्र प्रीमियर पद्मिनी आहे : कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, आणि कागदावर नाव काहीही असो, घरात 'आपली फियाट'. तेव्हा रविवार पुरेपूर वसूल करा.

१. जुन्याच रस्त्याने या. खोपोली सोडली की बोरघाट सेकंड गिअरमध्ये चढा आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबा. इंग्रजांना घाटातली वाट या धनगराने दाखवली असं सांगतात. ड्रायव्हर लोक जाता जाता नाणं टाकतात. तुम्ही इंजिन बंद करून, उतरून, सावकाश टाका. तेवढ्यात इंजिनाची धग कार्बोरेटरला लागते, आतलं पेट्रोल उकळतं आणि जेटमधून खाली ठिबकायला लागतं. निम्मं काम झालं.

२. आता चोक पूर्ण ओढा. तापलेल्या इंजिनाला चोक लागत नाही, हे विसरा. अ‍ॅक्सिलरेटर शिलाई मशीनसारखा मारा. दर दाबाला आणखी एक पिचकारी आत जाते. पेट्रोलचा वास मागच्या सीटवरच्या सासूबाईंपर्यंत पोचला की समजा, जमलं.

३. बॉनेट उघडा. दोन मिनिटांत चार तज्ज्ञ जमतील. चौघेही म्हणतील, ''कचरा आलाय.'' मान डोलवा. ज्याच्या तोंडात विडी असेल त्याला मात्र लांब पाठवा. एवढा एक सल्ला मी मनापासून देतोय.

४. फ्लोट चेंबरवर डिसमिसच्या मुठीने हलकेच टकटक अजिबात करू नका. नीडलच्या तोंडाशी अडकलेला कण त्याने सुटतो, पेट्रोल थांबतं आणि गाडी चालू होण्याचा धोका असतो. एवढा घाट चढून टकटकीवर भागवायचं?

५. खोलाच. झाकण काढताना गॅस्केट फाटेल. वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचं फाटतं. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळलं तर भोक पडलंय. पेट्रोल पिऊन जड झालेला फ्लोट वर येत नाही, नीडल बसत नाही, पेट्रोल वाहत राहतं. खळखळलं नाही, तरी गंभीरपणे 'हं' म्हणा. कोणीतरी डाग द्यायला सुचवेल. जरूर द्या, आणि कथील सढळ हाताने वापरा. त्याच्या वजनाने फ्लोट पुन्हा खाली बसतो, म्हणजे पुढच्या रविवारचीही सोय. मग नळीत फुंकून पाहा. पहिल्यांदा सगळेच फुंकण्याऐवजी ओढतात. ती चव मंगळवारपर्यंत टिकते.

६. प्लग काढा. चारही ओले, काळे. रुमालाने पुसा. बायकोचा.

७. आता भजी खायला जा. संपलेली असतील, तळलेली मिरची उरते. या अर्ध्या तासात साचलेलं पेट्रोल आपोआप उडून जातं, पण हे कोणाला सांगू नका. परत येईपर्यंत बायको चोक आत ढकलून, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत नुसता दाबून धरून चावी फिरवेल. गाडी खोकेल, काळा धूर सोडेल आणि चालू होईल. वेळ न दवडता म्हणा, ''बघ, कचराच होता.''

उरलेला स्क्रू आणि वॉशर चिक्कीच्या रिकाम्या डब्यात टाका. मागच्या वेळचे तिथेच आहेत.