आमच्या टेरेसवर घरमालक झालेल्या चिरंजीवास

चिरंजीव,

आपली प्रगती ऐकून ऊर भरून आला. गेल्या वर्षी कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आलात तेव्हा साधे भाडेकरू होतात. आज स्वतःच घरमालक झालात. तेही कर्ज न काढता, बिल्डरच्या ऑफिसची पायरी न चढता. पुण्यात एवढ्या स्वस्तात कुणी मालमत्ता उभी केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आपल्यासारखे होतकरू या शहरात बरेच आहेत, म्हणून हे पत्र उघड लिहितोय. त्यांनाही मार्गदर्शन होईल.

ही गोड बातमी मात्र आपण सांगितली नाहीत, आपल्या मित्राने सांगितली. सरळमार्गी मुलगा. रविवारी सकाळी त्याचा मेसेज: 'काका, तुमचा पॅन नंबर मिळेल का? एचआरएसाठी ऑफिसात मागतायत.' मला वाटलं, नेहमीचा फ्रॉड. फोन लावून विचारलं, 'बाळा, तू कोण?' तर म्हणाला, 'मी टेरेसवरच्या खोलीत राहतो ना!'

आता आमच्या फ्लॅटला टेरेसवर खोली नाही. महापालिकेच्या मंजूर नकाशात नाही, भोगवटापत्रात नाही, माझ्या खरेदीखतात नाही. तिथे उघडी टेरेस होती, आमची ही त्यावर कुरडया वाळत घालायची. म्हणून मुद्दाम येऊन पाहिलं. काय ती वास्तू! लोखंडी अँगल, निळे पत्रे, प्लायवूडच्या भिंती, आणि स्लायडिंगच्या फटीतून ओढलेल्या एका वायरवर पंखा, कूलर, लॅपटॉप आणि इंडक्शन शेगडी. राहत्या खोलीची उंची किमान पावणेतीन मीटर असावी असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते; इथे माझं डोकं पत्र्याला टेकलं, आणि मी काही उंच माणूस नव्हे. पावसाचं पाणी जायचं तोंड आपण फरशीखाली बुजवलंत. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली आहे आणि त्या मला रोज फोन करतात. आपल्याला नाही करत. त्यांच्या लेखी मालक अजून मीच आहे.

महापालिकेच्या लेखीही मीच. नोटीस माझ्या नावाने येणार. अनधिकृत बांधकामावर मालमत्ताकराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती लावायची तरतूद महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये आहे. पिंपरी-चिंचवडकरांना विचारा, या शास्तीवर तिथे वर्षानुवर्षं राजकारण तापलेलं होतं. आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हा त्यातला खास विनोद. आपणही अगदीच उपेक्षित राहणार नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, त्याचं कलम ५२: परवानगीशिवाय बांधकाम करणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद आणि वर दंड. 'करणाऱ्याला' म्हटलंय, फक्त मालकाला नव्हे. अँगल आणि पत्र्यांची बिलं आपल्याच नावावर असतील, जपून ठेवा.

तरी पत्र्यांचं एक वेळ सोडा, पाना घेऊन बसलं तर दोन दिवसांत उतरतील. मला कौतुक आहे ते आपल्या व्यवहाराचं. आपण मला महिना चोवीस हजार देता आणि त्या पोराकडून नऊ हजार घेता, शिवाय तीस हजार डिपॉझिट. आपला-माझा करार लिव्ह अँड लायसन्सचा, रीतसर नोंदवलेला. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, तीही आपल्यापुरती. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे अशी परवानगी साधारणपणे दुसऱ्याच्या हाती देताच येत नाही. शिवाय आपल्या करारात पोटभाडेकरू ठेवू नये असं स्वतंत्र कलम आहे. त्या पानावर आपली सही आणि अंगठा दोन्ही आहेत.

मित्राला महिनाभर हॉलमध्ये गादी टाकून दिली असतीत तर मीच चहाला बोलावलं असतं. पाहुणा ठेवणं हा गुन्हा नाही. पण स्वतंत्र खोली, स्वतंत्र किल्ली आणि दर महिन्याच्या पाच तारखेला यूपीआयने येणारं भाडं, याला कुठलंही कोर्ट पाहुणचार म्हणणार नाही.

'कागद केलाय का?' विचारलं तर आपण म्हणालात, 'कागद कसला काका, मित्रच आहे.' ऐका तर मग. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी जागा देणाऱ्याची; चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, नोटरी चालते, ही आपल्याकडची लाडकी समजूतही यात बसत नाही. खरी गंमत पुढेच आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. उद्या मित्र म्हणाला की डिपॉझिट तीस नव्हे, एक लाख रोख दिलं होतं, तर ते खोटं पाडायचं काम आपलं. आपण पडलात लायसन्सी, कायद्यातले भाडेकरू नव्हे, म्हणून घरमालकही नव्हे, असा युक्तिवाद करून आपला वकील यातून वाट काढेलही. त्याची फी नऊ हजारांत बसते का तेवढं पाहा.

पॅनचं राहिलंच. वर्षाचं भाडं लाखावर गेलं की एचआरएसाठी घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि नऊ बारे एक लाख आठ हजार. माझा पॅन दिला असता तर न मिळालेल्या भाड्याचा हिशेब आयकर खात्याला मी देत बसलो असतो. पैसे आपल्या खात्यात येतात, तेव्हा पॅनही आपलाच द्या, आणि विवरणपत्रात ती रक्कम इतर उत्पन्नात दाखवा. घरमालकीचे हेही भोग असतात. पोलीस ठाण्यात मी भाडेकरूंची माहिती भरली, त्यात त्या पोराचं नाव नाही. खुलासा मात्र मलाच विचारतील.

आणि या सगळ्यात ज्याच्यासाठी आपण एवढी माया केलीत, त्याच्या हाती काय? करार नाही, पावती नाही, पत्त्याचा पुरावा नाही. महापालिकेचं पथक आलं तर तो सामान घेऊन रस्त्यावर, कारण तो ज्या खोलीत राहतो ती कागदोपत्री नाहीच. एवढं करून भाडं एकदाही थकवलं नाही, असं तोच सांगत होता.

कराराची मुदत संपूनही आपण बसून राहिलात तर त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तेवढ्या दिवसांचं भाडं दुप्पट दराने लागतं. तिथे नोंदवलेला करार हाच निर्णायक पुरावा असतो, आणि तो माझ्याकडे आहे. पण तिथवर कशाला जायचं?

करार संपवण्याची एक महिन्याची नोटीस काल स्पीड पोस्टाने टाकली आहे. ती घ्या, 'घर बंद' असा शेरा मारून परत पाठवू नका. नोटिशीची मुदत संपण्याआधी मित्राचे तीस हजार परत करा, बँकेतून, म्हणजे त्याच्याकडे निदान एक कागद राहील. मग पत्रे उतरवा आणि पाण्याचं तोंड मोकळं करा. हे आपण स्वतः केलंत तर आपल्या डिपॉझिटमधून मी फक्त काकूंच्या छताची दुरुस्ती कापीन. महापालिकेने केलं तर पाडकामाचा खर्च ती माझ्याकडून वसूल करील आणि मी तो आपल्याकडून.

कळावे,
आपल्या करारातल्या पहिल्या पानावरचा घरमालक