चार तारा, एक तात

अकोल्याच्या जठारपेठेतलं मामाचं घर पाडायचं ठरलं तेव्हा माळ्यावरचं सामान वाटणीला निघालं. पितळी भांडी एका मामेभावाने उचलली, शिलाई मशीन दुसऱ्याने, आणि उरलं ते माझ्या पुढ्यात आलं. जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं, छातीपर्यंत येईल एवढं धूड. मामी म्हणाली, "ने बापा हे. लय वर्सं जागा अडवून राह्यलं. तू पेपरात लिवतं, तवा तुलेच शोभते." लिहिण्याचा आणि त्या धुडाचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. मामी चहा ओतत होती.

चादर सोडली तर आत बेस गिटार.

सत्तरच्या दशकात मामा अकोल्यातल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात होता. गणपतीचे दहा दिवस, मग नवरात्र, मग लग्नसराई. पुढे किशोरकुमारच्या आवाजाचा एकजण, लताबाईंच्या आवाजाच्या दोघी, आणि मागे ड्रमवाल्याच्या सावलीत मामा. टाळ्या सगळ्या पुढच्या पुढेच संपायच्या. शेजारणी मामीला विचारत, तुमचे मालक नेमकं वाजवतात काय? मामी सांगे, "गिटारच हाय, पण तिले आवाज नाई." एका नवरात्रात मामा तापाने पडला आणि कार्यक्रम त्याच्याशिवाय झाला. लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळेना. शेवटी सगळ्यांनी मिळून लाऊडस्पीकरवाल्याला शिव्या घातल्या. मामाला आयुष्यात मिळालेली मोठी दाद ती हीच, आणि तीही दुसऱ्याच्या नावावर जमा झाली.

गिटारवरचं कंपनीचं नाव घासून गेलंय. लाकडाचा रंग गुळाच्या भेलीसारखा झालाय. तारा मात्र मामाच्याच, शेवटच्या कार्यक्रमापासून तशाच चढवलेल्या, गंजून तपकिरी. त्या वाजवून पाहिल्या तर पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज. पोत्यातली धूळ तेवढी उडाली नाही.

बेस वाजवणारे जुन्या तारा उकळतात, असं कळलं. तारेच्या वेढ्यांत बोटांचा घाम, तेल, मळ साचतो आणि ती मुकी होते. उकळत्या पाण्यात मळ सुटला की काही दिवस पुन्हा बोलते. आता आमच्या वऱ्हाडात भांड्यालाही गंज म्हणतात, लोखंडाच्या तांबेऱ्यालाही गंज म्हणतात, आणि एखादी गोष्ट खूप असली तर तीही गंजच. तेव्हा गंज दिवसांच्या गंजलेल्या तारा मी एका रविवारी मोठ्या गंजात टाकल्या आणि गॅस पेटवला. बायको दारात येऊन उभी राहिली. "फोडणी कशाची देऊ?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी आमच्याकडे पाटोडीचा रस्सा व्हायचा होता, तो दुसऱ्या गंजात झाला. पहिला गंज तिने आजतागायत स्वयंपाकात घेतलेला नाही. त्यात आता तुळशीचं रोप आहे. तारा दोन दिवस झणझणीत बोलल्या, तिसऱ्या दिवशी परत पोतं झाल्या, चौथ्या दिवशी तिसरी तार तुटली.

म्हणजे नव्या आणणं आलं. अमरावतीत पेटी, तबला, ढोलकी, टाळ मिळतील, आणि खंजिऱ्या तर हव्या तेवढ्या. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी इथून हाकेच्या अंतरावर आहे, खंजिरी न मिळेल तरच नवल. बेसच्या तारा म्हटल्यावर दुकानदार क्षणभर थांबला, मग म्हणाला, "भाऊ, तारा चारच ना? मंग हा गिटारचा सहाचा पुडा घ्या. दोन उरतीन, त्या जपून ठेवजा." त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त साध्या गिटारची सर्वांत जाड तार बेसच्या सर्वांत बारीक तारेएवढीच असते, इतकाच काय तो फरक.

हे दुखणं आपल्याच गावाचं नाही, हे पुढे वाचनात आलं तेव्हा बरं वाटलं. १९६५ साली लंडनमध्ये 'द हू' या बँडचा जॉन एन्टविसल 'माय जनरेशन' वाजवत होता. त्याच्या अमेरिकी बेसची तार तुटली की तशी सुटी तार लंडनात मिळायची नाही, म्हणून तो दरवेळी अख्खी नवी गिटार विकत घ्यायचा. अमरावतीच्या माणसाने असं केलं असतं तर घरच्यांनी त्याला थेट नागपूरला दाखवायला नेलं असतं.

मग मी मोबाइलवरून मागवल्या. कोणत्या कंपनीच्या, कोणी पाठवल्या, हे सांगत नाही, कारण गाढवपणा माझा. बेसच्या मानेला लांबी असते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण मोजली नव्हती. लियो फेंडर या कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९५१ साली जो बेस बाजारात आणला, त्याची तार घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत ३४ इंच. जगातल्या बहुतेक बेसचं माप आज तेच. मामाचा निघाला ३० इंची, बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी ज्या व्हायोलिनच्या आकाराच्या जर्मन बेसने ओळखला जातो, त्या मापाचा. ३४ इंची तार ३० इंचांवर त्याच सुरात लावली तर ताण पाऊण पटीच्या आसपास येतो. तार ढिली लोंबते आणि पट्ट्यांवर खडखडते. शिवाय तिचा जाड भाग खुंटीत जाईना. पक्कड घेतली आणि कचकन कापली. आतल्या गाभ्यावरचे वेढे डोळ्यांदेखत सरकले. जाड तार कापण्याआधी खुंटीच्या पुढे काटकोनात वाकवायची असते, म्हणजे वेढा धरून राहतो. हे मला कळलं ते कापल्यावर. खर्जाची तार जागीच गेली.

त्यानंतर मात्र मी शहाण्यासारखा वाचायला बसलो. तारा मुख्यतः दोन जातींच्या. राउंडवाउंड, म्हणजे गाभ्यावर गोल तारेचे वेढे. बोट फिरवलं तर कानशीसारखं लागतं, आवाज खणखणीत, पियानोकडे झुकणारा. आणि फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीचे वेढे, हाताला गुळगुळीत, आवाज बुटका, गोल, लवकर विझणारा. मराठी माणसाला हे समजायला तंबोरा पुरतो. मिरजेच्या कारागिराने घोडीवर दोरा सरकवून जवारी खुली केली की झंकार पसरतो, बंद केली की सूर घट्ट मुठीत येतो. राउंडवाउंड ही खुली जवारी, फ्लॅटवाउंड ही बंद. मामेभावाला फोनवर हे समजावताना त्याने "जवारी" ऐकलं आणि विचारलं, "हुरड्याचं काय म्हनतं?" त्याचंही बरोबर. आमच्याकडे तो शब्द आधी शेतात उगवतो.

फ्लॅटवाउंडवाल्यांचा देव म्हणजे डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतला जेम्स जेमरसन. शेकडो गाण्यांखाली त्याचा बेस आहे, आणि तार तुटेपर्यंत तो ती बदलत नसे. मळ हाच मसाला, असं त्याचं धोरण. (हे मी घरी वाचून दाखवलं. तुळशीच्या गंजाकडे बोट दाखवण्यात आलं.) जेमरसन जन्मला १९३६ साली, साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर. हे बेट एकेकाळी लांब धाग्याच्या कापसासाठी नावाजलेलं. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे शाळेत शिकलो होतो. त्याच बेटावरचं एक पोर लहानपणी काठीला रबर ताणून, ती काठी जमिनीत रोवून छेडत बसायचं, असं सांगतात. हे वाचलं आणि मी तारांचा नाद सोडून खिडकीबाहेर बघत बसलो.

कारण जमिनीतून निघाल्यासारखा तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

माझं बालपण मूर्तिजापूरला गेलं. दिवाळी उलटून सकाळी अंगणात धुकं दिसू लागलं की पिंजारी यायचा. खांद्यावर माणसाएवढं पिंजण, धनुष्यासारखं, त्याला ताणलेली तात. ती मेंढीबकरीच्या आतड्याची. "गादी-रजई" अशी आरोळी तो कधी देत नसे. चालता चालता तातेला नुसता ठोकळा लावायचा. धुंग. गल्लीच्या टोकाला तो आवाज कानापेक्षा आधी पोटात कळायचा आणि आजी म्हणायची, आला. मग ओसरीवर जुन्या रजईतला दडदडीत कापूस निघायचा आणि त्याचं काम सुरू व्हायचं. धुंग, धुंग, टुंक. धुंग, धुंग, टुंक. ताणलेली तात कापसात शिरायची, थरथरायची, आणि दगडासारखा गोळा बघता बघता ढगासारखा व्हायचा. कडुनिंबाच्या पानांवर, मांजराच्या मिशांवर, आजीच्या भुवयांवर कापूस. आम्ही पोरं पिंजणाच्या लाकडाला गाल लावायचो, तर दात थरथरायचे.

उभ्या, माणसाहून उंच जुन्या डबल बेसच्या ताराही पूर्वी मेंढीच्या आतड्याच्याच असत. विजेचा बेस आला, तारा धातूच्या झाल्या, पण चपट्या वेढ्याच्या तारेचा गुळगुळीत, बुटका आवाज त्या आतड्याच्याच जवळचा. म्हणजे डेट्रॉइटहून, लंडनहून फिरून मी मूर्तिजापूरच्या ओसरीवर येऊन पोचलो होतो, आणि दुकानदाराला हवा होता फक्त एक शब्द: फ्लॅटवाउंड.

तरी अजून एक घोडं अडलंच. लांब मानेच्या बेसवर चार तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण देतात. आपल्याकडे कापसाची गाठ १७० किलोची, म्हणजे जवळजवळ अर्धी गाठ त्या बारीक मानेला टांगलेली. मान वाकू नये म्हणून आत लोखंडी सळई असते. मामाच्या बेसमधली सळई जाम झालीय, फिरत नाही. फ्लॅटवाउंड तारा पुष्कळदा ताठ आणि जास्त ओढणाऱ्या असतात. शेवटी ३० इंची मापाच्याच, हलक्या जाडीच्या निवडल्या. मुंबईहून आल्या, चार तारांना साडेतीन हजार. हा आकडा घरात कुणाला सांगितलेला नाही, तेव्हा हा अंक घरी आला की हे पान मी आधी काढून घेणार आहे.

२०२२ च्या जूनमध्ये आमच्या अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरली आणि गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. मला चार तारा ठरवायला साडेतीन महिने लागले. कोणत्याही पुस्तकात नोंद नाही.

तारा चढवल्या त्या रात्री मामीला फोन केला. ऐक म्हटलं, मामाचा बेस. सर्वांत जाड तार छेडली. खिडकीची काच हलली, तुळशीची पानं हलल्यासारखी वाटली. मामी पलीकडून म्हणाली, "वाजोव ना मंग, थांबलं कायले?" खालच्या तारेची कंपनं सेकंदाला ४१, आणि फोनच्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरातून एवढा खालचा सूर निघतच नाही. मी पुन्हा छेडली. मामी म्हणाली, "हं. तुह्या मामाचं बी असंच होतं."

आता एक विनंती. वऱ्हाडात कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, पिंजाऱ्याच्या घरी तातेसकट पिंजण पडून असेल तर सरपणात घालू नका. मला कळवा. मी बेस घेऊन येतो, दोन्ही शेजारी ठेवून एकदा वाजवून बघू.