सावधानपंत
समर्थ रामदासांनी बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकताच मंडपातून पलायन केले, अशी आख्यायिका आहे; सावधानपंतांच्या कानी तो पडला असता, तर ते त्याच मंडपात आदल्या रात्रीच वळकटीसह मुक्कामास गेले असते. कोषागारातून किंवा जमाबंदीच्या दफ्तरातून निवृत्त झालेले, चिरंजीव अमेरिकेत असलेले आणि एस. टी. सुटण्यापूर्वी तासभर आधी फलाटावर उभे राहण्याचे व्रत आजन्म पाळलेले हे पंत नागपूरच्या धरमपेठेत आढळतात, पुण्याच्या सदाशिव पेठेत तर मुबलक आढळतात, आणि त्यांच्या स्वभावाचे पूर्ण तेज प्रकटते ते, वाटेत विमान बदलावे लागणार आहे, ही वार्ता त्यांना कळते त्या दिवशी.

चिरंजीवांनी काढलेले तिकीट मुंबईहून फ्रँकफुर्ट आणि फ्रँकफुर्टहून शिकागो असे असते, आणि मध्ये दीड तासाचा अवकाश असतो. पंत त्या दीड तासाची तपासणी अशा रीतीने करतात, की एखाद्या ग्रामपंचायतीच्या सरपंचास घाम फुटावा. कागदावरील आगमनाची घटका म्हणजे विमान आपल्या जागी उभे राहून चाकांना अडसर लागला ती. आपण बसणार ४१व्या रांगेत. पुढील ४० रांगांतील मंडळी डोक्यावरील बोजे उतरवीत, मुलांची पायताणे शोधीत बाहेर पडणार, सबब अर्धा तास वजा. भारतातून आलेल्या उतारूची तेथे नव्याने सुरक्षा-तपासणी होते. कमरेचा पट्टा सोडून पुन्हा बांधण्यास, वयोमान ध्यानात घेता, रांगेसह वीस मिनिटे वजा. ‘बी’ विभागातून भुयारी मार्गाने ‘झेड’ विभागात जाणे, वाटेत सौभाग्यवतींनी प्रसाधनगृह शोधणे, हे निराळेच. शिवाय पुढील विमानाचे दार सुटण्याच्या वेळेस बंद होत नसून पंधरावीस मिनिटे आधीच बंद होते. “शिल्लक किती राहिली ते तूच सांग,” असे ते दूरध्वनीवर विचारतात.

“बाबा, कंपनीच एवढ्या वेळाचं तिकीट विकते, म्हणजे तेवढा वेळ पुरतो.”

“अरे, विकते कंपनी. धावायचं मी.”

या वादात माझा कौल, हसू आवरून, पंतांकडे जातो. प्रत्येक मोठ्या विमानतळावर एका विमानातून दुसऱ्यात जाण्यास किमान किती मिनिटे लागतात याचा शिरस्ता ठरलेला असतो, आणि त्याहून कमी अवकाशाचे जोडतिकीट यंत्र देतच नाही, हे खरे. परंतु तो शिरस्ता विमान वेळेवर येईल या गृहीतावर उभा आहे, आणि वेळेवर येण्याच्या बाबतीत विमानांचा लौकिक आमच्या एस. टी.हून फारसा उजळ नाही. चिरंजीवमंडळी ज्यास ‘पुरेसा वेळ’ म्हणतात, तो वास्तविक पळण्याचा परवाना होय.

आमच्या मुंबईचेच पाहा. नागपूरहून येणारे विमान सांताक्रूझच्या टर्मिनल एकवर उतरते आणि परदेशी जाणारे सहारच्या टर्मिनल दोनवरून सुटते, असा योग आला, की दोहोंमधील अंतर नकाशावर किरकोळ दिसले तरी ते रस्त्यावरून, आपल्या सामानासह, द्रुतगती महामार्गाच्या गर्दीची मर्जी सांभाळीत कापावे लागते. त्यात दोन तिकिटे वेगवेगळी काढलेली असली, तर पहिल्याच्या विलंबाशी दुसऱ्या कंपनीचा काडीचा संबंध नाही. म्हणून पंत आदल्या दिवशीच मुंबईत येतात आणि विलेपार्ल्याच्या मेहुण्याकडे उतरतात. मेहुण्याचे मत कोणी विचारीत नाही.

सहारच्या काउंटरवर सामानाच्या चिठ्ठीवर ‘ओआरडी’ अशी अक्षरे पाहून ते तेथील मुलीस थांबवितात. आपण शिकागोस निघालो असता आपल्या पेट्या या अज्ञात गावी का रवाना होत आहेत, याचा लेखी खुलासा त्यांस हवा असतो. त्या विमानतळाचे नाव पूर्वी ऑर्चर्ड फील्ड होते, १९४९ मध्ये ते ओ’हेअर नामक नौदलाच्या वैमानिकाच्या स्मरणार्थ बदलले आणि चिठ्ठीवरील अक्षरे मात्र जुनीच राहिली, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलतो. सात-बारावर तीन पिढ्यांपूर्वीचे नाव चालू राहिलेले पाहण्यात ज्याची हयात गेली, त्यास हा कारभार एकदम घरचा वाटतो.

तिकीट अर्थात त्यापूर्वीच बदलून घेतलेले असते आणि फ्रँकफुर्टला आठ तास मिळतात. या आठ तासांत पंत काय करतात? तर दार क्रमांकाची खातरजमा करतात. फलकावर दार लागलेले नसते. लागेपर्यंत ते फलकाखाली उभे राहतात, आणि लागल्यावर दारासमोर. त्यांच्या पिशवीत युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमाचा छापील गोषवारा असतो; कंपनीच्या दोषाने जोडविमान चुकून मुक्कामी पोचण्यास तीन तासांहून अधिक विलंब झाला, तर तो नियम लागू असलेल्या प्रवासात ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते, हे वाक्य त्यांनी तांबड्या शाईने अधोरेखित केलेले आहे. दुर्दैव असे, की आठ तासांच्या अवकाशात विमान चुकणे मनुष्यास साध्य नाही, आणि म्हणून तो गोषवारा प्रत्येक खेपेस न वापरताच परत येतो. ही खंत त्यांनी मजजवळ बोलून दाखविली आहे.

सौभाग्यवती मात्र तोवर खुर्चीवर निवांत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी सोडतात, शेजारच्या जळगावच्या बाईंच्या सुनेची हकिकत ऐकून घेतात आणि त्यांना एक दशमीही देतात.

दार उघडण्याच्या तासभर आधी रांगेत पहिले कोण, तर पंत. घोषणा होते, परंतु माणसांस आत सोडतात ते गटागटाने, आणि पंतांच्या चिठ्ठीवर पाचवा गट छापलेला असतो. इतक्यात दिल्लीहून नुकताच उतरलेला, बुटांचे बंद सुटलेला, घामाने निथळणारा एक पोरगा पळत येतो, दुसऱ्या गटाची चिठ्ठी दाखवितो आणि पंतांच्या अंगावरून आत जातो. ज्येष्ठतेची यादी डावलून कनिष्ठ कारकुनास बढती मिळालेली पाहावी, तशा नजरेने पंत त्याच्याकडे पाहतात. “मी सकाळपासून इथं आहे,” असे ते दारावरील बाईंना इंग्रजीत बजावतात. बाई स्मित करून त्यांना बाजूस उभे राहण्याची विनंती करतात. पंत बाजूस होतात, पण रांगेतील आपली जागा न सोडता, जेणेकरून उरलेल्या तिन्ही गटांना आपल्या पेट्या त्यांच्या पायांवरून उचलून न्याव्या लागतात.

“पुढच्या खेपेस दहा तास ठेवू,” ते म्हणतात.

“ठेवा,” सौभाग्यवती डब्याचे झाकण लावीत म्हणतात, “पण मग दशम्या दोन वेळच्या कराव्या लागतील, आणि पीठ तुम्ही दळून आणायचं.”